तीन चौकटी, एक धार

अनारशाला जाळी का पडते आणि कधी पडत नाही, याची चर्चा ज्या घरात दर दिवाळीला होते, त्या घरातील मंडळींना ओतचित्राचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पीठ तेच, गूळ तोच, तूपही तेच; पण एका घाण्याला जाळी सुरेख उतरते आणि पुढच्याच घाण्यात अनारसा हसतो. रंगाचेही अगदी तसेच आहे. ॲक्रिलिकचे तीन-चार रंग पातळ करून एका पेल्यात थरावर थर भरावयाचे, तो पेला कॅनव्हासवर उपडा करावयाचा, कॅनव्हास चहूबाजूंनी कलवायचा, आणि मग रंगांनी आपापसात काय ठरविले ते पाहात बसावयाचे, असा हा छंद. ब्रश हाती धरावयाचा नाही आणि पेन्सिलीने आखावयाचेही नाही. त्यामुळे ज्यांनी शाळेच्या चित्रकलेच्या तासाला कायम मागचा बाक पकडला, तेही यात रमले आहेत.

हा लेख मात्र नवशिक्यांसाठी नाही. ज्यांनी दहा-वीस कॅनव्हास ओतून झाले आहेत, ज्यांच्या नातेवाइकांकडे वाढदिवसाची भेट म्हणून ती चित्रे जाऊन पोहोचली आहेत, आणि आता ज्यांची नजर दिवाणखान्यातील कोचामागच्या मोठ्या मोकळ्या भिंतीवर खिळली आहे, त्यांच्यासाठी तो आहे. त्या भिंतीला एक लहान चित्र पुरत नाही. एकच भला मोठा कॅनव्हास घ्यावा, तर तो जिन्यावरून वर कसा न्यावयाचा येथून अडचणींना सुरुवात होते. मग मनात येते की, तीन कॅनव्हास शेजारी शेजारी लावावेत आणि एकच प्रवाह तिन्हींतून वाहात गेलेला दिसावा.

कल्पना सुंदर आहे, परंतु तिची किंमत आधीच समजून घेतलेली बरी. तीन चांगले कॅनव्हास आणि जवळजवळ लिटरभर रंग एकाच बैठकीत पणाला लागतो. ओतण्यापासून कलवण्यापर्यंतचा सारा खेळ पंधरा-वीस मिनिटांत संपतो. तैलचित्र काढणाऱ्याला चुकलेला भाग खरवडून पुन्हा रंगविता येतो. येथे ती सोय नाही. एकट्या कॅनव्हासवर बिघडले, तर रंग पुसून पुन्हा ओतता येतो. तिघांपैकी एक बिघडला, तर उरलेले दोन चांगले असूनही कामातून गेले. जोडी जमली नाही म्हणून त्यांना निरनिराळ्या भिंतींवर टांगण्याची पाळी अनेकांवर येते, आणि पाहुण्यांना ती वेगवेगळीच चित्रे आहेत असे सांगावे लागते.

ही जोडी बिघडते कोठे? बहुतेकांना वाटते की, रंग ओतताना. माझ्या मते ती सांध्यावर बिघडते, आणि तीही रंगाचा डबा उघडण्यापूर्वी.

तीन कॅनव्हास एकमेकांना चिकटवून ठेवले, वरून रंग ओतला, वाळल्यावर वेगळे करून भिंतीवर तीन-तीन सेंटिमीटरचे अंतर सोडून टांगले, ही सर्वसाधारण रीत. टेबलावर असताना चित्र अखंड दिसते आणि भिंतीवर गेल्यावर तुटते. याचे कारण साधे भूमितीचे आहे. समजा, एक सोनेरी पट्टा पंचेचाळीस अंशांत तिरका चढत चालला आहे. पहिल्या कॅनव्हासच्या कडेला तो ज्या उंचीवर संपला, त्याच उंचीवर तो दुसऱ्या कॅनव्हासवर सुरू होणार, कारण ओतताना मध्ये अंतर नव्हतेच. पण भिंतीवर मध्ये तीन सेंटिमीटर आले. डोळा तो पट्टा मनातल्या मनात पुढे ओढत नेतो आणि तीन सेंटिमीटर उंचावर त्याला शोधतो. तेथे तो नसतो. आडवे पट्टे असतील तर हा दोष दिसत नाही, परंतु रंग ओतून निघालेल्या चित्रात आडवे आणि सरळ असे असते तरी काय?

आता आपल्या घराच्या खिडकीकडे पाहा. खिडकीला गज आहेत आणि बाहेर आंब्याचे झाड आहे. गजांनी झाडाचे तुकडे केले आहेत असे कोणाला वाटत नाही. फांदी गजामागे जाते आणि जेथून बाहेर यावयाची तेथूनच बाहेर येते. गजाने झाडाचा थोडा भाग झाकला आहे, कापून टाकलेला नाही. कॅनव्हासमधले अंतर हे असे गजासारखे वाटले पाहिजे. त्यासाठी त्या अंतराच्या जागीही रंग ओतला गेला पाहिजे. म्हणजे तीन कॅनव्हासच्या मध्ये तीन सेंटिमीटर रुंदीच्या, कॅनव्हासइतक्याच उंचीच्या आणि जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या बसवावयाच्या, त्यांच्यावरूनही रंग वाहू द्यावयाचा, आणि मग त्या काढून घ्यावयाच्या. चित्राचा तेवढा भाग आपण होऊन सोडून द्यावयाचा.

येथे पुष्कळांचा जीव कासावीस होतो. महाग रंग, त्यातून कदाचित सगळ्यात सुंदर जाळी नेमकी त्या पट्टीवरच पडलेली! म्हणून हिशेबच करू. ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशा एका कॅनव्हासचे क्षेत्र १,२०० चौरस सेंटिमीटर होते. कडांवरून ओघळणारा रंग धरून दर चौरस सेंटिमीटरला पाव मिलिलिटर मिश्रण लागते असे समजावे. म्हणजे एकाला ३०० आणि तिघांना ९०० मिलिलिटर. दोन पट्ट्यांचे क्षेत्र २४० चौरस सेंटिमीटर. त्यांना ६० मिलिलिटर, म्हणजे मोठे चार चमचे. चार चमचे रंगासाठी सगळे चित्र तुटू द्यावयाचे की काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

रंग ओतण्याची ही कला कालपरवाची आहे अशी एक समजूत आहे. मेक्सिकोचा प्रख्यात भित्तिचित्रकार डेव्हिड अल्फारो सिकेरोस याने १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोगशाळा काढली होती. चित्रकारांची शाळा म्हणण्यापेक्षा प्रयोगशाळाच म्हणावयास हवे. मोटारगाड्यांना देतात तो लॅकर रंग ही मंडळी आडव्या फळीवर ओतीत, त्यावर दुसरा रंग ओतीत आणि मग काय होते ते पाहात. पुढे जगप्रसिद्ध झालेला जॅक्सन पोलॉक तेव्हा तेथे उमेदवारी करीत होता. एका रंगावर दुसरा ओतला की त्यात आपोआप डोळे, शिंपले, शेवाळ, ढग उमटतात हे सिकेरोसला आढळले. याला पुढे 'नियंत्रित अपघात' असे नाव पडले. त्याच वर्षीच्या त्याच्या 'सामुदायिक आत्महत्या' या चित्रात ही ओतीव नक्षी आहे. पण नुसती नक्षी सोडून देऊन तो थांबला नाही. त्या उसळलेल्या रंगात त्याने माणसांचे बारीक बारीक जथे रंगविले आणि तो अपघात आपल्या कामाला जुंपला.

या अपघाताचे शास्त्र उलगडावयास मात्र बराच काळ लागला. मेक्सिकोच्याच राष्ट्रीय विद्यापीठातील सँड्रा झेटिना, रोबेर्तो झेनित प्रभृती संशोधकांनी २०१५ साली सिकेरोसची रीत प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहिली. काळ्यावर पांढरा ओतला की जाळी पडते. पांढऱ्यावर काळा ओतला तर पडत नाही. कारण वजन. पांढऱ्या रंगातील टिटॅनियमची भुकटी पाण्याच्या चौपटीहून जड असते, तर काजळीची काळी भुकटी दुपटीइतकीही नसते. जड थर वर आणि हलका खाली अशी उलटी उतरंड रचली की ती टिकत नाही. जड रंग ठिकठिकाणी खाली बसतो, हलका त्याला बाजूला सारून वर येतो, आणि त्या धडपडीची खूण म्हणजे जाळी. पदार्थविज्ञानात या प्रकाराला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात.

तेव्हा "ही चित्रे तुम्ही काढलीत की रंगांनी?" असे जे कोणी कोचावर बसून, चकली खात खात विचारतात, त्यांना उत्तर देता येते. रंग आपल्या नियमाने वागतात हे खरे. पण कोणता रंग वर, कोणता खाली, किती दाट, किती वेळ आणि कोठे थांबावयाचे हे रंग ठरवीत नाहीत. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीच्या, म्हणजे ढगाळ लाटांच्या नक्षीचा असाच उपयोग केला होता. पाण्यावर तरंगणारा रंग कागदावर उचलताना ते ती नक्षी एखाद्या आकृतीपुरतीच उठू देत आणि बाकीचा कागद कोरा राखीत. मरतुकड्या घोड्यावर बसलेल्या बैराग्याचे असे एक विजापुरी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लाट आपोआप उठली असेल, पण तिला कुंपण कोणी घातले?

असो. आता कामाकडे वळू.

जाळीसाठी वजन महत्त्वाचे हे कळल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घ्यावयाचा. परत देण्याची हमी द्यावी म्हणजे तो मिळतो. प्रत्येक मिश्रण पन्नास-पन्नास मिलिलिटर मोजून त्याचे वजन करावे आणि रंगांची जडपणानुसार यादी लिहून ठेवावी. जेथे जाळी हवी, तेथे जड रंग वर. जेथे शांत, सपाट प्रवाह हवा, तेथे हलका वर. एका कॅनव्हासवर हे अंदाजाने निभावते. तीनवर निभावत नाही, कारण पहिल्यावर बारीक जाळी, दुसऱ्यावर मोठाली भोके आणि तिसऱ्यावर काहीच नाही असे झाले, तर सांधा कितीही साधला तरी ती तीन घरची तीन भावंडे दिसतील.

सिलिकॉन तेलाचे थेंब टाकून जाळी पाडण्याची हौस पुष्कळांना आहे. तीन कॅनव्हासच्या कामात मी तरी ते टाळण्याचाच सल्ला देईन. थेंब सगळीकडे सारखे पसरत नाहीत आणि चित्र वाळल्यावर तेलाचा जो तवंग वर राहतो, तो साबणाच्या पाण्याने नीट पुसून काढला नाही तर त्यावर वार्निश धरत नाही. वजनाच्या उतरंडीने पडलेली जाळी बारीक असते खरी, पण ती आपल्या ताब्यात असते.

आता दाटपणा. सगळे रंग सारख्या दाटपणाचे झाले पाहिजेत, यात कसूर नको. कसोटी सोपी आहे. ढवळण्याची काडी उचलून धार पेल्यात सोडावी. धारेचा क्षणभर उंचवटा दिसावा आणि दोन-तीन सेकंदांत विरावा. मुळीच दिसला नाही तर मिश्रण पातळ झाले. तसाच बसून राहिला तर दाट. ताकापेक्षा दाट आणि धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ, असे म्हटले म्हणजे घरात सर्वांना समजेल. कॅमल किंवा फेव्हिक्रिल यांचे नेहमीचे ॲक्रिलिक रंग चालतात. पण एकदा जे घेतले ते तिन्ही कॅनव्हासला पुरेल इतके एकदमच घ्यावे. केवळ पाणी घालून रंग पातळ करण्याचा मोह मात्र आवरावा. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडून गेले की ते एकमेकांना भिडून एकजीव पापुद्रा होतो. पाणी फार झाले तर ते विरळ पडतात, पापुद्रा दुबळा होतो आणि रंगाची भुकटी सुटते. म्हणून ओतण्याचे माध्यम घालावे, पाणी अगदी शेवटी चमच्याचमच्याने. सुताराचा पांढरा गोंद पाण्यात कालवून माध्यम म्हणून वापरतात. सरावाला तो स्वस्तात पडतो. पण वर्षानुवर्षे भिंतीवर राहावे असे चित्र असेल, तर रंग तयार करणाऱ्यांचे खास माध्यमच घ्यावे. गोंदाला दमट हवा मानवत नाही.

लिटरभर मिश्रण आदल्या रात्री करून झाकून ठेवावे, म्हणजे बुडबुडे निवळतात. आणि त्यातले दोन चमचे एखाद्या उरलेल्या पांढऱ्या टाइलवर ओतून सकाळी पाहावे. ओले ॲक्रिलिक दुधाळ असते, वाळल्यावर ते स्वच्छ पारदर्शक होते. त्यामुळे गडद रंग वाळल्यावर आणखी गडद होतात. रात्रीचा मोरपंखी सकाळी जवळजवळ काळा निघालेला टाइलवर परवडतो.

या बाबतीत मॉरिस लुई या अमेरिकन चित्रकाराची आठवण येते. वॉशिंग्टनमधील आपल्या घराच्या बारा फूट बाय चौदा फूट जेवणघरात त्याने १९५४ पासून पातळ रंगांचे पडदेच्या पडदे ओतले. त्यातले कितीतरी कॅनव्हास त्या खोलीपेक्षाही मोठे होते. ते त्याने कसे पसरले, कसे दुमडले, रंग कसा फिरविला, हे त्याने कोणाला पाहू दिले नाही. आपल्याकडील दोन खोल्यांच्या संसारात चित्रकला कोठे मावणार, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. त्याचा रंग मात्र टर्पेंटाइनने पातळ होणारा होता. तो १९६२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला आणि वाफांशी त्याचा संबंध अनेकांनी जोडला. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक अमेरिकेत 'लिक्विटेक्स' या नावाने १९५५ सालीच बाजारात आले होते. आपण ते वापरतो, म्हणून मुलाबाळांच्या घरात हा छंद करता येतो. तरी हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

कॅनव्हास निवडताना तिन्हींची जाडी एकच आहे ना हे पट्टी लावून पाहावे; दुकानात एकसारखे दिसणारे घरी आल्यावर दोन-तीन मिलिमीटरने वरखाली निघतात आणि तेवढा उंबरठा रंगाला अडवावयास पुरतो. मागच्या कोपऱ्यांतील लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकून कापड ढोलकीसारखे ताणून घ्यावे. कापड सैल असेल तर पाव किलोच्या वर ओला रंग त्याला मधोमध खाली ओढतो, सगळा प्रवाह तेथे जमतो आणि जाड थर वाळताना भेगाळतो.

यानंतर जोडणी. तिन्ही कॅनव्हास आणि मधल्या दोन पट्ट्या पालथ्या घालून एका रांगेत लावाव्यात. पट्ट्यांना आधी पॅकिंगची गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळलेली असावी. तिला वाळलेला रंग धरून राहात नाही. मग पाठीमागून दोन आडव्या लाकडी काठ्या टाकून त्या चौकटींना छोट्या क्लॅम्पनी आवळाव्यात. स्क्रू मारू नयेत. पुढे त्या काठ्या खालून हात घालून सोडवावयाच्या आहेत आणि तेव्हा वर ओला रंग असेल. सगळे मिळून ९६ सेंटिमीटर लांबीची एकच फळी झाली. ती सुलटी करून, प्रत्येक कॅनव्हासच्या चार कोपऱ्यांखाली एकेक असे बारा उंच पेले उपडे ठेवून, त्यांवर टेकवावी.

आता पाणसळ. गवंड्याची नसली तर लहानशी मिळते, पण पाहिजेच. आपल्या घरांतील फरशीला मोरीकडे किंवा गॅलरीकडे ढाळ असतो. धुणेभांड्याला ती सोय आहे, रंगाला मात्र शाप. लहान कॅनव्हासवर तो ढाळ कळत नाही. जवळजवळ मीटरभर लांबीवर रंग रात्रभर त्या दिशेने सरकत राहतो आणि सकाळी चित्र मोरीकडे निघालेले असते. लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे बुडबुडा मधोमध येईपर्यंत पेल्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारावेत.

पहिल्याने तिन्ही कॅनव्हास आणि दोन्ही पट्ट्या यांवर पांढऱ्या मिश्रणाचा पातळ हात फिरवावा. ओल्यावर ओले सरकते. कोरड्या सांध्यावर रंग अडतो. त्यानंतर ओतणे. पेला उपडा करण्याची रीत येथे वापरू नये असे माझे मत आहे. तीन कॅनव्हासवर तीन पेले उपडे केले की तीन खिडक्यांत तीन सूर्य उगवल्यासारखे दिसते. मोठा पेला एकच भरून ओतावा, तर त्यातील थरांचा क्रम वरखाली होतो आणि पहिल्या कॅनव्हासला जे मिळाले ते तिसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यापेक्षा प्रत्येक रंग आपापल्या चोचीच्या भांड्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता, तिरक्या नागमोडी धारेने सोडावा. धार सांध्यावर रेंगाळू नये. हात थांबला की तेथे डबके झालेच. एकावर एक, यादीत ठरविलेल्या क्रमाने रंग पडले की लगेच कलवावयास घ्यावे.

हे काम दोघांचे आहे. पतिपत्नी, बहीणभाऊ, सासूसून, कोणीही चालेल. फक्त हुकूम एकानेच सोडावा. दोघांनी दोन टोके धरून फळी आधी लांबीच्या दिशेने अगदी सावकाश कलवावी, प्रवाह कडेला येऊन ओघळू लागला की सपाट करावी, क्षणभर थांबावे आणि मग उलट दिशेला न्यावे. "अहो, तुमची बाजू वर!" "तू खाली घे ना आधी!" असे संवाद या वेळी घरोघरी होतात, त्यातून फळीला बसलेला एक हिसका मात्र चित्रात कायमचा राहतो. रंगाला घाई नसते. तिन्ही कॅनव्हासचे चारी कोपरे भरले आणि थर पातळ झाला की थांबावे. आणखी एकदा कलवले तर त्या निळ्याचे अधिक सुंदर होईल, असे वाटू लागते. तेव्हाच ती फळी पेल्यांवर ठेवून द्यावी. जाळी ताणली की ती फाटते.

पाणसळ पुन्हा एकदा लावावी आणि मोबाइलवर वरून एक छायाचित्र घेऊन ठेवावे. मग सात-आठ मिनिटांत, रंगावर साय धरण्यापूर्वी, सुटे करण्याचे काम उरकावे. चपट्या सुरीचे पाते प्रत्येक सांध्यातून उभे, सरळ ओढावे, म्हणजे वरचा ओला पापुद्रा तुटतो. वाळेपर्यंत थांबून पात्याने कापू म्हणणाऱ्यांच्या कडा दातेरी निघतात. खालून हात घालून क्लॅम्प सोडवावेत, काठ्या खाली उतरवून घ्याव्यात, बाहेरचे दोन कॅनव्हास त्यांच्या पेल्यांसकट बोटभर बाजूला सरकवावेत आणि पट्ट्या अलगद काढाव्यात. आतल्या कडांवरून थोडा रंग नव्याने ओघळेल. तो बोटाने कडेभर सारून घ्यावा. सांध्याजवळचे पट्टे या वेळी कडेकडे किंचित वाकतात. थर पातळ ठेवला असेल तर ते वाकणे भिंतीवर कोणाच्या लक्षात येत नाही. जाड असेल तर येते. मघाशी कलवताना पुरेसा रंग ओघळू द्यावयाचा तो याचसाठी.

पुढचे बारा तास पंखा बंद. वाऱ्याने वरची साय आधी वाळते, आतला रंग मागाहून आकसतो आणि साय भेगाळते. दिवाळीत बाहेर फटाक्यांचा धूर आणि राख असते, तेव्हा चार डबे उभे करून त्यांवर पुठ्ठ्याचे छप्पर टाकावे. खोके थेट पालथे घालून हवा कोंडू नये. स्पर्शाला कोरडे व्हावयास एक ते तीन दिवस लागतात. कोरडे झाले म्हणजे पिकले असे नव्हे. वार्निशला निदान तीन-चार आठवडे थांबावे. या सुट्टीत ओतलेले चित्र मार्गशीर्षात वार्निशला येईल.

सांडलेला रंग आणि पेले मोरीत धुण्याची घाई नको. ते प्लॅस्टिक आहे; नळीत जाऊन बसते आणि पुढे नदीनाल्यांत. भांडी रद्दी कागदाने पुसावीत, उरलेला रंग पसरट ताटलीत वाळू द्यावा आणि पापुद्रा सोलून कचऱ्यात टाकावा. काढलेल्या पट्ट्यांवरचा पापुद्राही असाच सुटून येतो. त्यावर सुंदर जाळी पडली असेल तर मुले पुस्तकात घालावयाच्या खुणा कापून घेतात, आणि मग त्यांच्यात कोणता तुकडा कोणाचा यावरून भांडण होते, तो भाग वेगळा.

पट्ट्या मात्र टाकून देऊ नयेत. टांगण्याच्या दिवशी मधला कॅनव्हास आधी लावावा. त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर यावा, कोच उंच असेल तर थोडा वर. मग त्याच पट्ट्या कडेला उभ्या धरून, अंतर फूटपट्टीने न मोजता, शेजारच्या कॅनव्हासच्या खिळ्यांच्या खुणा करून घ्याव्यात. छायाचित्र समोर ठेवावे आणि दोघांपैकी एकाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी उभे राहून, सोनेरी पट्टा सरळ पुढे जातो की नाही ते पाहावे. जात नसेल, तर बहुधा बाहेरच्या दोहोंपैकी एखादा कॅनव्हास उलटा टांगला गेलेला असतो.